नारळ फुटल्यावर दिसलेली रेघ

आप्पा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि परवा मिरजगावात एका वर्कशॉपच्या फरशीवर, गुडघे टेकून, हातात बॅटरी धरून बसले असताना मी तुमच्यावर इतकी चिडले की ह्यांनी धावत जाऊन पाणी आणलं. त्यांना वाटलं मला ऊन लागलं. ऊन कसलं लागतंय! साठीला आलेल्या बाईला बापावर चिडून चक्कर येऊ शकते हे इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला कुठून कळणार. आता दोन दिवस झाले, चीड उतरेल म्हणून वाट पाहिली, ती काही उतरत नाही. म्हणून लिहायला बसले.

तर बातमी अशी की तुमच्या मुलीनं लेथ घेतला. तोच, लोखंड कातायचं मशीन, ज्याच्यापुढे तुम्ही नागापूरच्या कंपनीत चौतीस वर्षं उभे राहिलात आणि ज्याला तुम्ही मला कधी हात लावू दिला नाहीत. नोकरीतून सुटल्यावर बायका भजनाला जातात, मी मोबाईलवर लेथचे व्हिडिओ बघत बसले. आधी एक खेळण्याएवढा लेथ मागवला, टेबलावर मावणारा. त्याच्यावर पितळेचे भोवरे केले, कुकरच्या झाकणांच्या मुठी केल्या, शेजारणीच्या शिलाई मशीनचा एक स्क्रू केला. आता मला तळहातावर मावेल असं वाफेचं इंजिन करायचंय, खरंखुरं चालणारं. पण पोलाद लावलं की तो खेळण्यातला लेथ थंडी वाजल्यासारखा थरथरतो. म्हणून मोठा, वापरलेला, चांगला लेथ हवा होता. आणि वापरलेला लेथ चांगला की वाईट हे ओळखायचं कसं, हे अख्ख्या जिल्ह्यात ज्या माणसाला कळत होतं त्यानं ते स्वतःच्या पोरीला सांगितलं नाही. चिडू नको तर काय करू?

तुमचा तो थाट आठवतो मला. कोणाला जुना लेथ घ्यायचा असला की तो सुट्टीच्या दिवशी केडगावला आपल्या दारात हजर. तुम्ही चहा संपवून, टोपी घालून निघायचात. मशीनपाशी गेलात की आधी काही बोलायचं नाही, नुसतं भोवती फिरायचं. मग बेडवरून, म्हणजे ज्या दोन रुळांवर सगळं मागंपुढं सरकतं त्याच्यावरून, अंगठ्याचं नख ओढायचं. एखादा दांडा फिरवायचा, कान लावायचा, आणि शेवटी एक शब्द. "घ्या" किंवा "नगं". बस. का घ्यायचं, का नको, विचारायची सोय नाही. विचारलं की तुमच्या भुवया वर जायच्या, जणू कोणी देवाला पावती मागितली. लोकांनाही तेच आवडायचं म्हणा. "आप्पा घ्या म्हनले" एवढ्यावर माणसं टेम्पो ठरवायची.

घरातही तेच. आईनं बाजारातून पोळपाट आणलं की तुम्ही ते फरशीवर ठेवून एका बोटानं दाबायचात आणि म्हणायचात, "नगं." आई म्हणायची, "अवो, पोळ्या लाटायच्यात, इमान न्हाई उडवायचं." तरी ते पोळपाट परत जायचं. कुठं डगडगतंय, किती डगडगतंय, ते दाखवलंत का कधी? मी त्या पोळपाटाकडे तासन्‌तास बघत बसायची. शेवटी एकदा मला स्वतःलाच सापडलं की चार पायांतला एक पाय आतून तासलेला आहे. मी आईला दाखवलं. ती म्हणाली, "बापाला सांग." मी सांगितलं नाही, तुम्ही हसाल असं वाटलं.

यावेळी लेथ शोधायला मी आधी नागापूरलाच गेले. जुन्या मशीनचे व्यापारी तिथंच बसतात. एकेका शेडमध्ये दहा-दहा लेथ उभे, सगळे नव्या हिरव्या रंगात, लग्नाला निघाल्यासारखे. विचारते मी, आणि उत्तर मिळतं ह्यांना! "साहेब, मशीन एकदम मख्खन आहे." साहेब बिचारे मान हलवतात. साहेबांना पंक्चर झालेलं चाक कुठलं हे विचारावं लागतं. मी म्हटलं, चालू करून दाखवा. तर म्हणे कनेक्शन नाही. मी म्हटलं, चकमध्ये, म्हणजे काम धरून फिरवणाऱ्या जबड्यात, सळई लावा, मी हातानं वर-खाली हलवून बघते, बेअरिंग ढिलं असलं तर कळेल. तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याच्या घरात शिरून डबे उघडतेय. एका ठिकाणी माझं नख रंगावरून घसरलं आणि त्याच्याखाली पुट्टी निघाली. लोखंडाला पुट्टी, आप्पा! भिंतीसारखी भरून, घासून, वर रंग. तीन आठवडे असल्या शेडा पालथ्या घातल्या आणि रोज घरी येऊन तुमच्या नावानं बोटं मोडली.

मला जे कळलंय ते मी परक्या माणसांच्या व्हिडिओतून शिकले, आणि ते असं अर्ध्या तासात सांगण्यासारखं आहे. लेथ चकच्या तोंडाशी झिजतो, कारण सगळं काम तिथंच होतं. शेपटाकडचा बेड कोरा राहतो. म्हणून सरकणारा भाग तोंडाशी नीट आवळायचा आणि शेपटाकडे ढकलायचा. तिकडे जाऊन अडकला तर झीज जास्त. दांडा उलटा फिरवल्यावर तो किती मोकळा फिरतो ते बघायचं. एक सळई कातायची आणि दोन्ही टोकांना मापायची. झालं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुम्हाला त्यात काय करायचंय ते आधी ठरवायचं. माझी कामं बोटाएवढी. ती सगळी त्या झिजलेल्या वीतभर जागेतच होणार, आणि तेवढ्यापुरती झीज सारखी असली तर काम सरळच येतं. कारखान्याला जो लेथ "नगं" तो मला "घ्या" असू शकतो. हे तुम्ही जेवताना सांगितलं असतंत तरी चाललं असतं. भाकरी मोडताना.

मग कळलं की मिरजगावचे काका, ज्यांना तुम्ही लेथ पारखून दिला होता ते, वर्कशॉप बंद करतायत. डोळे गेले, मुलं पुण्याला. पंपांचे, ट्रॅक्टरचे बुश कातून आयुष्य काढलेला माणूस. त्यांचा लेथ विकायचाय. मी ह्यांना म्हटलं, चला. मला मशीन हवं होतं हे खरं, पण त्याहून जास्त मला त्या मशीनच्या पोटाखालची एक रेघ बघायची होती. शेहेचाळीस वर्षं ती माझ्या डोक्यात होती. ती खरी होती का माझ्या मनानं घेतली होती, एवढंच एकदा कळायला हवं होतं.

तुम्हाला तो दिवस आठवत असेलच. आता तर मला माहीतच आहे की आठवत होता. मी तेरा वर्षांची. बॅटरी धरायला म्हणून तुम्ही मला नेलंत, कारण धाकटा तापानं पडला होता, नाहीतर मला कोण नेतंय. एसटीतून उतरलो, काका तेव्हा ऐन जोमातला माणूस, मशीन नुकतंच पुण्याहून पसंतीवर आलेलं, जुनंच. आठ-दहा माणसं जमलेली. तुम्ही फिरलात, नख ओढलंत, कान लावलात. मी सांगाल तिथं उजेड पाडतेय. मग तुम्ही म्हणालात, "घ्या." काकांनी चकला हळद-कुंकू वाहिलं, मशीनच्या पायाशी नारळ फोडला. तुमच्या लायनीतली रीत मला माहीत होती, एकदा नारळ फुटला की मशीनला नाव ठेवायचं नाही. ते घरचं झालं. नव्या सुनेच्या नाकाबद्दल जसं बोलत नाहीत तसं. माहीत होती, पण नेमकी त्याच वेळी नारळाची एक कवड घरंगळत मशीनखाली गेली. ती काढायला मी बॅटरी घेऊन वाकले, आणि चकच्या बाजूला, बेड जिथं पायावर टेकतो त्या कोपऱ्यात, रंगाचा टवका उडालेला आणि आत एक पिवळी रेघ. बोटभर लांब. मी म्हटलं, "आप्पा, हितं पिवळं दिसतंय."

तुम्ही वाकून बघितलंसुद्धा नाहीत. "गप ऱ्हा. तुला काय कळतंय त्यातलं?" माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "पोरीला सोनं दिसलं की पिवळं." मग चहा आला, मला बिस्किटं दिली, मी ती तशीच बशीत ठेवली. परतीच्या एसटीत मी केडगाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पुढच्या आठवड्यात तुम्ही माझ्या दप्तरावर एक वस्तू आणून ठेवलीत. स्टीलची सहा इंची पट्टी, चांगल्या कंपनीची, तुमच्या स्वतःच्या खिशातली. आई म्हणाली, "ही कशापाई?" तुम्ही म्हणालात, "असू दे तिला." मला वाटलं शाळेसाठी. त्या पट्टीनं मी वह्यांना समास आखले, कॉमर्सच्या वह्यांना आखले, पुढे कचेरीतल्या रजिस्टरांना आखले. आयटीआयचा फॉर्म आणायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला त्यातलं काय कळतंय. तुमच्या एका वाक्यानं माझं आयुष्य बिघडलं असं मी म्हणणार नाही, उगाच नाटक कशाला. नोकरी बरी झाली, माणूस बरा मिळाला. पण तीस-पस्तीस वर्षं कचेरीत फायलीत चूक दिसायची, साहेबांची सही झालेली असायची, आणि मला वाटायचं, जाऊ दे, नारळ फुटलाय. असं किती वेळा गप्प बसले त्याची गणती नाही.

आता परवाचं ऐका. काका खुर्चीत बसलेले, काळा चष्मा लावून. मी कोण ते अजून सांगितलं नव्हतं. मशीनला नवा रंग नाही, पुट्टी नाही, तेलाचा हात मात्र रोजचा. नख ओढलं, तोंडाशी किंचित अडलं. सळई कातली, मापली, दोन टोकांत केसाएवढाही फरक नाही. हे मागं हात बांधून उभे. मग मी गुडघे टेकले, बॅटरी लावली आणि त्या कोपऱ्यात बघितलं.

रेघ होती, आप्पा. पिवळीधमक. बिडाचा ओतीव बेड तिथं कधीतरी तडकलेला आणि पितळ भरून सांधलेला. तेरा वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते खरंच तिथं होतं. पण त्याच्यावर आडवी एक जाड लोखंडी पट्टी होती, चार बोल्टांनी आवळलेली, आणि ती त्या दिवशी नव्हती. बोल्टांच्या डोक्यांना बारीक गोलाई दिलेली. जिथं कोणी कधी बघणार नाही तिथल्या बोल्टांना गोलाई देणारा एकच माणूस मला माहीत आहे.

मी काकांना विचारलं, "काका, ही पट्टी कोणी मारली?"

"का वो ताई? पट्टीचं ईचारनारं पयलंच गिऱ्हाईक तुमी." मग मान माझ्या आवाजाकडे वळवली. "बॅटरी लावून बगताय व्हय? तुमी केडगावच्या आप्पांची पोर तर न्हाई?"

मी हो म्हटलं. म्हातारा खुर्चीतून उठला आणि चाचपडत मशीनपाशी आला. "आवं, लहानपनी आल्ता की तुमी! पिवळं म्हनला आन् आप्पा खेकसले तुमच्यावर. पुढच्या सुट्टीला आप्पा परत आल्ते. एकटेच. पिशवीत ही पट्टी आन् चार बोल्ट. मी म्हनलं, आप्पा, काय काडलं? तर म्हनले, सांदा हाय हितं. मला दिसला न्हाई, पोरीला दिसला. मशीन परत द्यायचं आसंल तर मी सोता जातो तुमच्यासंगं, चूक माजी हाय. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या, नारळ फुटलाय. मग दिसभर आडवे पडून भोकं पाडली, आटे पाडले, आवळलं. त्या दिसापासून हालला न्हाई बगा लेथ." आणि वर म्हणाले, "जाताना लई बोलले. पोरीची नजर माज्यापरीस चांगली हाय म्हनले. दोनदा म्हनले."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं मग?"

"आता? मला काय म्हाईत!" काका म्हणाले. "मला वाटलं घरी सांगितलंच आसंल."

इथं मला चक्कर आली आणि पाणी आलं.

मिरजगावला सांगितलंत, आप्पा! एसटीचं तिकीट काढून, साठ-पासष्ट किलोमीटर जाऊन, परक्या माणसाला दोनदा सांगितलंत. आणि माझी खाट तुमच्या खाटेपासून चार हातांवर होती. मशीनला एक पट्टी दिलीत आणि मला एक. मशीनची पट्टी कशासाठी आहे ते काकांना समजावून सांगितलंत, माझी कशासाठी आहे ते मी ओळखायचं? तेरा वर्षांच्या पोरीनं? पट्टीला तोंड असतं का? मला रडू यायला हवं होतं, ह्यांची तीच अपेक्षा होती, रुमाल काढून तयार उभे होते. मला राग आला. अजून येतोय. तुम्ही वाईट बाप असतात तर सोपं गेलं असतं, मी केव्हाच तुमचा विचार सोडला असता.

लेथ घेतला. घेणारच होते. सांधा पट्टीनं धरलाय, झीज माझ्या कामापुरती सारखी आहे, बेअरिंग शांत आहे. मी हे सगळं मोठ्यानं, एकेक करून काकांना सांगितलं, का घेतेय ते. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि म्हणाले, "आप्पा येवढं कदी बोलले न्हाईत." मग नारळ मागवला. हळद-कुंकू मी वाहिलं, नारळ ह्यांनी फोडला.

हे काही पोस्टात पडायचं नाही, तेव्हा पुढचं सांगायला हरकत नाही. नारळ फुटला, लोकांच्या हातावर खोबरं ठेवलं, आणि लेथबरोबर आलेला गिअरांचा डबा टेम्पोत चढवायचा म्हणून ह्यांनी उचलला. आटे पाडताना बदलून लावायची चाकं असतात ती. ग्रीसमध्ये बुडालेली. ह्यांना स्वस्थ बसवत नाही, त्यांनी रुमालानं एक चाक पुसलं आणि म्हणाले, "अगं, ह्याला एक दात कमी आहे वाटतं." चार माणसं उभी होती, काका होते, टेम्पोवाला होता. आणि मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा हो. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" टेम्पोवाला हसला. ह्यांनी चाक परत डब्यात ठेवलं, रुमालाची घडी केली आणि पुढं जाऊन बसले. केडगाव येईपर्यंत त्यांचं तोंड खिडकीकडे होतं.

आज सकाळी मी डबा डिझेलमध्ये धुतला. चाकं एकेक करून मोजली. तेच चाक. एक दात मुळातून नाही. माझ्या इंजिनच्या स्क्रूंना नेमकं तेच लागणार आहे.

मोजून झाल्यावर मी हात धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन ह्यांच्या आवडीची भरली वांगी केली, दाण्याचं कूट जास्त घालून. वासानं ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही." ते परत हॉलमध्ये जाऊन पेपर वाचत बसले. तुम्ही निदान पुढच्या सुट्टीला एसटी धरून मिरजगावापर्यंत तरी गेलात, आप्पा. मला फक्त हॉलपर्यंत जायचंय, आणि मी इथं ओट्याशी बसून तुम्हाला पत्र लिहितेय.